तारली-बांगड्यातले ओमेगा-३ येते कुठून? सागरी प्लवकांच्या अन्नजाळ्यातील आवश्यक मेदाम्लांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासे खावेत, त्यांत ओमेगा-३ असते, हे आता घरोघरी ठाऊक आहे. मात्र ते माशात येते कसे, हे विचारू लागलो की डोळ्यांना न दिसणाऱ्या, पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या जिवांपर्यंत जावे लागते. समुद्रात असे जीव, म्हणजे प्लवक, किती आहेत याची चर्चा बरीच होते. ते कोणते आहेत आणि त्यांच्या पेशींत काय भरलेले आहे, याची चर्चा फार कमी होते. पुढील उत्तरांचा भर त्यावर आहे. उदाहरणे शक्य तिथे अरबी समुद्रातली घेतली आहेत आणि ज्या बाबींचा अभ्यास अन्य समुद्रांत अधिक खोलवर झाला आहे, तिथे त्या समुद्रांतली.

आवश्यक मेदाम्ले म्हणजे नेमकी कोणती?

मेदाम्ल म्हणजे मुख्यतः कार्बन अणूंची एक साखळी. साखळीतल्या काही अणूंमध्ये दुहेरी बंध असतात आणि ते किती आहेत व कोणत्या जागी आहेत, यावर त्या मेदाम्लाचे गुण ठरतात. प्राण्यांचे शरीर बरीचशी मेदाम्ले स्वतः तयार करते, परंतु साखळीच्या शेपटाकडून तिसऱ्या किंवा सहाव्या कार्बनपाशी दुहेरी बंध घालणारी एन्झाइम बहुतेक प्राण्यांकडे नसतात. म्हणून ओमेगा-३ कुळातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल आणि ओमेगा-६ कुळातले लिनोलेइक आम्ल ही दोन्ही अन्नातूनच मिळवावी लागतात. १९२९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने स्निग्धांश पूर्णपणे काढून टाकलेला आहार उंदरांना दिला, तेव्हा त्यांची वाढ खुंटली आणि शेपटीवर खवले धरू लागले. तोवर आहारातली चरबी म्हणजे केवळ उष्मांकांचा साठा अशीच समजूत होती. तिचा काही भाग शरीराला अपरिहार्य आहे, हे या प्रयोगाने दाखवले.

समुद्री जिवांच्या बाबतीत तीन नावे सतत येतात. आयकोसापेंटानॉइक आम्ल, म्हणजे ईपीए, यात २० कार्बन आणि ५ दुहेरी बंध असतात. डोकोसाहेक्झानॉइक आम्ल, म्हणजे डीएचए, यात २२ कार्बन आणि ६ दुहेरी बंध असतात. तिसरे ओमेगा-६ कुळातले अ‍ॅराकिडोनिक आम्ल. अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून ईपीए आणि पुढे डीएचए बनवण्याचा मार्ग कागदावर सरळ दिसतो, पण समुद्रातल्या बहुतेक माशांना तो नीटसा चालवता येत नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी ईपीए आणि डीएचए ही तयार स्वरूपात मिळालीच पाहिजेत, अशीच आवश्यक मेदाम्ले ठरतात.

मग मासा ओमेगा-३ स्वतः बनवतच नाही का?

समुद्रातले बहुतेक मासे फारच थोडे बनवतात. त्यांच्या आहारात ही मेदाम्ले पिढ्यान्‌पिढ्या मुबलक मिळत आली, त्यामुळे ती बनवण्याची यंत्रणा दुबळी राहिली, असे मानले जाते. अपवाद आहेत. मुख्यतः शैवाल खाणाऱ्या सिगॅनस या माशाच्या एका जातीत डीएचएकडे थेट नेणारे एन्झाइम २०१० मध्ये सापडले; पृष्ठवंशीय प्राण्यांत ते पहिल्यांदाच दिसले होते. पण तारली, बांगडा, सुरमई यांच्या अंगातले ओमेगा-३ हे जवळजवळ सगळे कमावलेले नसून खाल्लेले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

ती तयार कोण करते? सगळे वनस्पतिप्लवक सारखेच असतात का?

सारखे मुळीच नसतात, आणि या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे. वनस्पतिप्लवक म्हणजे प्रकाशाच्या आधारे अन्न तयार करणारे एकपेशीय जीव. त्यांच्यातल्या वेगवेगळ्या गटांची उत्क्रांती एकमेकांपासून फार पूर्वी वेगळी झाली आणि त्यांची मेदाम्ले बनवण्याची रीतही वेगळी राहिली.

डायटम, म्हणजे सिलिकाची काचेसारखी पेटी अंगाभोवती बाळगणारे जीव, ईपीए विपुल बनवतात. त्यांच्यात १६ कार्बनचे पामिटोलेइक आम्लही भरपूर असते. डीएचए मात्र बेताचेच. डायनोफ्लॅजेलेटांचे, म्हणजे चाबकासारख्या शेपट्यांनी पोहणाऱ्या एकपेशीय जिवांचे, चित्र बरोबर उलटे आहे. त्यांच्यात डीएचए ठळक असते, सोबत १८ कार्बन आणि ४ दुहेरी बंधांचे स्टीअरिडोनिक आम्लही आढळते. हॅप्टोफाइट गटातल्या अनेक जातीही डीएचए चांगले पुरवतात, तर क्रिप्टोफाइट दोन्ही देतात आणि म्हणून खाद्य म्हणून त्यांचा दर्जा वरचा मानला जातो. बऱ्याच हिरव्या शैवालांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, पण डीएचए जवळपास नसतेच. नील-हरित जिवाणूंत, म्हणजे सायनोबॅक्टेरियांत, ईपीए आणि डीएचए ही दोन्ही नसतात.

याचा अर्थ असा की पाण्यात हरितद्रव्य तेवढेच मोजले गेले, तरी ते डायटमांचे आहे की सायनोबॅक्टेरियांचे, यावर वरच्या जिवांच्या ताटात काय पडणार हे ठरते. उपग्रहावरून समुद्राचा हिरवेपणा दररोज दिसतो आणि ते साधन अमूल्य आहे. पण तो हिरवेपणा पोषणाची प्रत सांगत नाही. मासेमारीच्या अंदाजांत ही प्रत अजून पुरेशी धरली जात नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

डायटमाला ईपीएची गरज काय? तो ते माशांसाठी तर बनवत नसणार.

अर्थातच नाही. डायटमातले ईपीए मोठ्या प्रमाणावर प्रकाशसंश्लेषण जिथे चालते त्या हरितलवकातल्या पटलांमध्ये, म्हणजे पातळ आवरणांमध्ये, असते, तर डायनोफ्लॅजेलेट आणि हॅप्टोफाइट यांच्यातले डीएचए बरेचसे पेशीच्या इतर पटलांमध्ये. पटल लवचीक राहिले तरच त्यात बसवलेली प्रथिने काम करू शकतात. थंडीत तूप गोठते आणि करडईचे तेल मात्र पातळच राहते. त्यामागे दुहेरी बंधांचे जे कारण आहे, तेच इथेही लागू पडते. दुहेरी बंधापाशी साखळी वाकते, वाकलेल्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत आणि पटल थंड पाण्यातही सैल राहते. म्हणूनच पाणी जितके थंड, तितकी पेशीतल्या अनेक दुहेरी बंधांच्या मेदाम्लांची टक्केवारी सहसा जास्त.

पोषक क्षार संपले की चित्र बदलते. उपाशी डायटम वाढ थांबवून तेलाचे थेंब साठवू लागतो, पण त्या थेंबांत मुख्यतः संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली, आणि एकाच दुहेरी बंधाची मेदाम्ले असतात. एकूण स्निग्धांश वाढतो आणि त्यातला ईपीएचा वाटा घटतो. प्लवकांचा बहर ऐन भरात असताना जे खाद्य मिळते, त्यापेक्षा तो ओसरतानाचे खाद्य वेगळे असते ते यामुळे.

अरबी समुद्रात हे वर्षभर कसे घडते?

नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की भारताच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ खोलावरचे थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येऊ लागते. याला अपवेलिंग म्हणतात. त्याची सुरुवात दक्षिण टोकाकडे होते आणि ते हळूहळू उत्तरेकडे सरकते. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर त्याचा जोर जास्त असतो. गोवा आणि कोकणापर्यंत येता येता तो मंदावतो, शिवाय पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर वर पसरलेला असल्याने खालचे पाणी अगदी पृष्ठभागापर्यंत पोहोचायला अडथळा होतो. तरीही किनारी पाण्यात नायट्रेट आणि सिलिकेट येते, आणि सिलिकेट आले म्हणजे डायटमांना पेट्या बांधायला सामग्री मिळते.

मलबार किनाऱ्यावरच्या तारलीचा या डायटमांशी असलेला संबंध जुन्या मत्स्य-अभ्यासकांच्या नजरेतून सुटला नव्हता. जेम्स हॉर्नेल आणि एम. रामस्वामी नायुडू यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रास मत्स्य खात्यासाठी तारलीच्या जीवनक्रमाचा आणि तिथल्या प्लवकांचा अभ्यास केला होता. पुढील अभ्यासकांनी फ्रॅजिलेरिया ओशनिका या डायटमाचा बहर आणि तारलीचे थवे यांची सांगड घातली. तारलीच्या कल्ल्यांवर दाट, बारीक दातेरी गाळणी असते. तोंड उघडे ठेवून पोहताना पाणी त्यातून जाते आणि डायटम अडकून राहतात. म्हणजे डायटमाने बनवलेले ईपीए एका पायरीतच माशाच्या अंगात येते, मध्ये कोपेपॉड या चिमुकल्या प्राणिप्लवकाची गरजच नाही. तारलीच्या तेलात ईपीए ठळक असते, त्याचे हे मोठे कारण. तारलीच्या अंगातला स्निग्धांश ऋतूप्रमाणे कित्येक पटींनी बदलतो. पावसाळ्यानंतरची चरबीची तारली तापल्या तव्यावर ठेवली की थोड्याच वेळात तिच्या पोटाकडून तेल सुटू लागते आणि वरून घातलेल्या तेलात मिसळून जाते. ते तेल काही महिन्यांपूर्वी डायटमांच्या पेशींत होते.

हिवाळ्यात खेळ उत्तरेकडे सरकतो. ईशान्येकडून येणाऱ्या कोरड्या, गार वाऱ्यांनी उत्तर अरबी समुद्राचा पृष्ठभाग थंड होतो, जड झालेले पाणी खाली बसते आणि खालचे क्षार वर मिसळतात. त्यातून जानेवारी ते मार्च या काळात प्लवकांचा दुसरा मोठा बहर येतो. मार्चनंतर समुद्र निवांत आणि उबदार होतो, क्षार संपतात, आणि अतिसूक्ष्म पेशींचे तसेच सायनोबॅक्टेरियांचे राज्य सुरू होते.

या साखळीत कोपेपॉड काय करतात?

कोपेपॉड हे तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे कवचधारी प्राणी. जगातल्या प्राणिप्लवकांत त्यांचा वाटा फार मोठा आहे. उत्तर अटलांटिकमधला कॅलॅनस फिनमार्किकस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर साधारण ३ मिलिमीटर लांबीचे पारदर्शक शरीर दिसते, दोन लांब स्पर्शिका बाजूंना पसरलेल्या, आणि शरीराच्या मधोमध जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांबट, चकचकीत, तेलाने भरलेली पिशवी. शरद ऋतूकडे झुकणाऱ्या काळात ही पिशवी इतकी फुगते की बाकीचे अवयव तिच्याभोवती कसेबसे मावलेले दिसतात. त्यातले तेल मुख्यतः मेणासारख्या एस्टरांचे असते, म्हणजे मेदाम्ल आणि लांब साखळीचे अल्कोहोल यांच्या जोडीचे. २० आणि २२ कार्बनच्या, एकाच दुहेरी बंधाच्या साखळ्या कॅलॅनस स्वतः बनवतो. ईपीए, डीएचए मात्र डायटम आणि डायनोफ्लॅजेलेट यांच्याकडून घेतो. हा साठा घेऊन तो शेकडो मीटर खोल उतरतो, तिथे महिनोन्‌महिने जवळजवळ निश्चल राहतो आणि वसंतात वर येऊन अंडी घालतो. हेरिंग मासा, राइट व्हेल आणि अनेक समुद्रपक्षी यांचे जीवन या तेलाच्या पिशवीवर अवलंबून आहे.

अरबी समुद्रातल्या बहुतेक कोपेपॉडांकडे असा मोठा साठा नसतो. उष्ण पाण्यात शरीराचा खर्च जास्त आणि अन्न वर्षभर थोडेफार मिळत राहते, त्यामुळे ते आज खाल्लेले उद्या अंड्यांत घालतात. परंतु सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ, जिथे पावसाळी वाऱ्यांमुळे अपवेलिंग अतिशय जोरदार असते, तिथला कॅलॅनॉइडिस हा कोपेपॉड उत्तरेकडच्या भाईबंदांसारखाच वागतो. बहराच्या काळात तो तेल साठवतो आणि बाकीचे महिने खोल पाण्यात काढतो. उष्ण कटिबंधातल्या समुद्रातही ऋतूची लय पुरेशी तीव्र असेल, तर साठवण्याची रीत उत्क्रांत होते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

कोपेपॉडांना ही मेदाम्ले बनवता येतच नाहीत, हे नक्की का?

पूर्वी तसेच शिकवले जात असे. २०१८ मध्ये प्रवाळ, मृदुकाय, वलयी कृमी आणि काही कवचधारी यांच्यात ओमेगा-३ मेदाम्ले मुळापासून बनवणारी जनुके आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि ती समजूत ढिली झाली. तळाजवळ राहणाऱ्या काही कोपेपॉडांत ही क्षमता दिसते. खुल्या पाण्यातल्या कॅलॅनॉइड गटाची भिस्त मात्र आहारावरच आहे, आणि माशांकडे जाणारा मोठा प्रवाह याच गटातून जातो.

निकृष्ट खाद्याचे चांगल्या खाद्यात रूपांतर होऊ शकते का?

होऊ शकते, आणि ते करणारे जीव कोपेपॉडांहूनही लहान आहेत. ड्युनालिएला या हिरव्या शैवालात लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले नसतात. फक्त त्यावर ठेवलेले कोपेपॉड नीट वाढत नाहीत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच शैवाल आधी ऑक्सिरिस मरीना या भक्षक डायनोफ्लॅजेलेटाला खाऊ घातले गेले आणि मग तो ऑक्सिरिस कोपेपॉडांना दिला गेला. आता कोपेपॉड वाढू लागले, कारण ऑक्सिरिसने मधल्या पायरीवर डीएचए आणि स्टेरॉल तयार केले होते.

उष्ण, क्षारांची चणचण असलेल्या पाण्यात या गोष्टीचे महत्त्व फार आहे. तिथे बहुतांश उत्पादन प्रोक्लोरोकॉकस, सिनेकोकॉकस अशा इतक्या बारीक सायनोबॅक्टेरियांकडून होते, की कोपेपॉडाला ते पकडताच येत नाहीत. सूक्ष्म कशाभिकाधारी जीव आणि सिलिएट, म्हणजे अंगावर बारीक केसांसारखे तंतू असलेले एकपेशीय जीव, त्यांना खातात, आणि कोपेपॉड त्या सूक्ष्म भक्षकांना. या जादा पायऱ्यांत ऊर्जा खर्ची पडते, पण त्यांतल्या काही पायऱ्यांवर प्रत सुधारते. सगळ्यांना हे साधत नाही: अनेक सिलिएट ही मेदाम्ले बनवू शकत नाहीत, ते मिळालेले फक्त पुढे देतात. म्हणून मधले भक्षक कोणते, हा प्रश्नही खालच्या उत्पादकांइतकाच विचारायला हवा.

प्रत्येक पायरीवर ९० टक्के ऊर्जा वाया जाते म्हणतात. मग सुरमईत ओमेगा-३ उरते कसे?

१० टक्के ऊर्जा पुढे जाते हा ढोबळ नियम आहे, आणि तो एकूण कार्बनला लागू पडतो. प्राणी खाल्लेल्या अन्नाचा बराच भाग हालचाल आणि श्वसन यांसाठी जाळतात, पण जाळताना सगळे सरसकट जळत नाही. संपृक्त आणि एका दुहेरी बंधाची मेदाम्ले इंधन म्हणून आधी वापरली जातात. डीएचए आणि बऱ्याच अंशी ईपीए पटलांत बसवण्यासाठी राखून ठेवली जातात. परिणामी वरच्या पायरीवर एकूण वस्तुमान घटत जाते, तरी त्या घटलेल्या वस्तुमानात या मेदाम्लांचा वाटा टिकतो किंवा वाढतोही. डीएचएची राखण अधिक कडक असते, कारण मेंदू आणि डोळ्यांचा पडदा यांच्या पटलांत त्याला पर्याय नाही. तारली, बांगडा, मांदेली खाणाऱ्या सुरमईच्या मांसात ईपीएच्या तुलनेत डीएचए जास्त दिसते ते यामुळे.

डायटम जास्त म्हणजे सगळे चांगलेच, असे म्हणता येईल का?

असे म्हणता येणार नाही. १९९९ मध्ये एड्रिअ‍ॅटिक समुद्रातल्या कोपेपॉडांवर झालेल्या इटालियन संशोधनाने अभ्यासकांना विचारात पाडले. डायटमांच्या बहरात कोपेपॉडांनी अंडी भरपूर घातली, पण त्यांतली बरीचशी उबलीच नाहीत. काही जातींच्या डायटमांची पेशी चावली जाऊन फुटली, की काही क्षणांत एन्झाइम कामाला लागतात आणि ईपीएसारख्या मेदाम्लांचे तुकडे करून त्यांपासून अल्डिहाइड बनवतात. ही अल्डिहाइड अंड्यातल्या पेशींचे विभाजन रोखतात. म्हणजे जे मेदाम्ल पोषण देते, तेच पेशीचे संरक्षक विषही पुरवते. प्रत्येक डायटम हे करतो असे नाही, आणि खुल्या समुद्रात कोपेपॉड सहसा मिश्र आहार घेतात, त्यामुळे प्रयोगशाळेतला निष्कर्ष जसाच्या तसा समुद्राला लावू नये.

शिवाय निव्वळ डायटमांच्या आहारात ईपीए रग्गड आणि डीएचए तुटपुंजे, असा असमतोल राहतो. डायनोफ्लॅजेलेट किंवा सूक्ष्म भक्षक सोबत मिळाले, तर अंड्यांची संख्या आणि उबण्याचे प्रमाण दोन्ही सुधारतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

कोणी काय खाल्ले हे मेदाम्लांवरून कसे ओळखतात?

बोटीवर ठरावीक खोलीवरून आणलेले पाणी काचतंतूंच्या गोल, पांढऱ्या फिल्टरमधून ओढून घेतात. फिल्टर आधी भट्टीत भाजून घेतलेला असतो आणि त्याला बोट लावायचे नसते, कारण त्वचेवरचा तेलकटपणासुद्धा मोजणीत घुसतो. पाणी निघून गेले की फिल्टरवर एक ठसा उरतो; डायटमांचे प्रमाण जास्त असेल तर तो हिरव्यापेक्षा सोनेरी तपकिरी दिसतो. चिमट्याने त्याची घडी घालून, फॉइलमध्ये गुंडाळून तो लगेच अतिशीत तापमानात ठेवतात. घाई महत्त्वाची असते: पेशी मेल्यावरही एन्झाइम काम करत राहतात, आणि हवेतला ऑक्सिजन दुहेरी बंधांवर हल्ला करतो. कोपेपॉडांचे तर एकेक नमुने सूक्ष्मदर्शकाखाली वेचून, जात आणि अवस्था पाहून कुपीत टाकावे लागतात. हे अत्यंत कष्टाचे काम आहे आणि त्याचे श्रेय क्वचितच दिले जाते.

प्रयोगशाळेत क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉल यांच्या मिश्रणाने स्निग्धांश वेगळा काढतात, द्रावक नायट्रोजनच्या झोतात उडवतात, मेदाम्लांचे मिथाइल एस्टर करतात आणि ते गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडतात. पडद्यावर एकापाठोपाठ एक शिखरे उमटतात. पामिटोलेइक आम्लाचे शिखर मोठे असेल तर डायटमांकडे बोट जाते. डीएचए ईपीएपेक्षा बरेच जास्त असेल तर डायनोफ्लॅजेलेटांकडे. विषम संख्येच्या किंवा फाटे फुटलेल्या साखळ्या जिवाणूंची खूण सांगतात. आणि २० व २२ कार्बनच्या एका दुहेरी बंधाच्या साखळ्या माशात सापडल्या, तर त्याने कॅलॅनससारखे कोपेपॉड खाल्ले असावेत असे मानता येते. पोट फाडून पाहिले तर शेवटचे जेवण कळते, मेदाम्लांवरून मागच्या काही आठवड्यांचा आहार कळतो. ही मेदाम्ले एकाच गटाची मक्तेदारी नसल्याने एका शिखरावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. अनेक शिखरांचा एकत्र विचार आणि जोडीला कार्बनच्या समस्थानिकांचे मापन, अशी पद्धत अधिक भरवशाची.

नॉक्टिलुका आणि ट्रायकोडेस्मियम यांच्या बहरांचा यावर काय परिणाम होतो?

२००० नंतरच्या काळात उत्तर अरबी समुद्राच्या हिवाळी बहरात हिरव्या नॉक्टिलुकाने मोठी जागा घेतली आहे. ही डायनोफ्लॅजेलेट पेशी नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखी दिसावी इतकी मोठी असते, तिच्या आत हिरवे शैवाल सहजीवनात राहते आणि ती स्वतः डायटमांसह इतर पेशी गिळतेही. कमी ऑक्सिजनच्या पाण्याचा फैलाव हे तिच्या वाढीचे कारण आहे का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पोषणाच्या दृष्टीने मोठी अडचण तिच्या आकाराची आहे. एवढी पेशी बहुतेक कोपेपॉडांना खाता येत नाही. तिला खाणारे सॅल्प आणि जेलीफिश यांच्यासारखे मऊ, पाणीदार प्राणी. डायटमांकडून कोपेपॉडांकडे आणि तिथून माशांकडे जाणारी मेदाम्ले अशा वेळी दुसऱ्याच वाटेला लागतात.

ट्रायकोडेस्मियम हा सायनोबॅक्टेरिया साधारण फेब्रुवारी ते मे या काळात, समुद्र निवांत असताना, लाकडाच्या भुशासारखा पाण्यावर तरंगतो आणि पश्चिम किनाऱ्याजवळही त्याचे पट्टे दिसतात. त्याच्यात ईपीए, डीएचए नाहीत आणि त्याला थेट खाणारे फार थोडे. पण तो हवेतला नायट्रोजन पकडून पाण्यात सोडतो आणि त्यावर इतर प्लवक वाढतात. स्वतः निकृष्ट खाद्य असूनही चांगल्या खाद्याला तो हातभार लावतो.

समुद्र तापला तर काय होईल?

पाणी उबदार झाले की पटल लवचीक ठेवण्यासाठी कमी दुहेरी बंध पुरतात, म्हणून पेशी ईपीए आणि डीएचए कमी ठेवते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात अनेक शैवालांची आकडेवारी एकत्र करून असा अंदाज बांधला होता, की पाणी २.५ अंश सेल्सिअसने तापल्यास वनस्पतिप्लवकांतले ईपीए सुमारे ८ टक्क्यांनी आणि डीएचए सुमारे २८ टक्क्यांनी घटेल. याहून मोठा परिणाम जाती बदलल्याने होऊ शकतो, असे मला वाटते. उबदार वरचा थर खालच्या पाण्यात मिसळेनासा झाला की सिलिकेट वर येत नाही, डायटम मागे पडतात आणि बारीक सायनोबॅक्टेरिया वाढतात. एकाच पेशीतले प्रमाण काही टक्क्यांनी घटणे आणि ईपीए बनवणारा गटच हटणे, यांत फार अंतर आहे.

तारली कमी झाली ती यामुळेच का?

केरळात तारलीची पकड २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन होती, ती २०२१ मध्ये ३,५०० टनांच्याही खाली आली. एवढ्या घसरणीचे खापर एकाच कारणावर फोडणे चुकीचे ठरेल. लहान पिल्लांची बेसुमार मासेमारी, २०१५ चा तीव्र एल निनो, पाण्याचे तापमान आणि अपवेलिंगच्या वेळेतले बदल, ही सगळी कारणे अभ्यासकांनी पुढे ठेवली आहेत. मेदाम्लांचा संबंध येतो तो अळीच्या, म्हणजे अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाच्या, पहिल्या काही दिवसांत. अंड्यातला बलक संपण्याच्या सुमारास योग्य आकाराचे, योग्य प्रतीचे खाद्य मिळाले नाही, तर डोळे आणि मज्जासंस्था यांची वाढ अपुरी राहते, भक्ष्य पकडणे जमत नाही आणि अळी मरते. बहर दोन आठवडे पुढे-मागे झाला किंवा त्यातल्या जाती बदलल्या, तर वर्षाची पैदासच हुकू शकते.

जवळा खाल्ला तर प्लवकच खाल्ल्यासारखे होते का?

बऱ्याच अंशी होय. जवळा म्हणजे अ‍ॅसेटिस वंशाची चिमुकली कोळंबी, आणि ती डायटम, सडका सेंद्रिय कचरा व बारीक प्राणिप्लवक खाऊन वाढते. त्यामुळे ती साखळीत खालच्या पायरीवर आहे. बोंबलासह अनेक मासे तिच्यावर जगतात. तिच्यात ईपीए आणि डीएचए असतात, पण एकूण स्निग्धांश कमी, आणि उघड्यावर उन्हात वाळवताना त्यातला काही भाग ऑक्सिजनमुळे खराब होतो.

कोळंबीच्या आणि माशांच्या हॅचरीत याचा उपयोग काय?

उपयोग रोजचा आहे. कोळंबीच्या झोइया या सुरुवातीच्या अवस्थेतल्या पिल्लांना कीटोसेरॉस हा डायटम दिला जातो. तो आकाराने सोयीचा आणि ईपीएने युक्त असतो. पुढच्या अवस्थेत आर्टेमिया या चिमुकल्या कवचधारी प्राण्याची पिल्ले देतात, पण आर्टेमियात डीएचए जवळपास नसते. समुद्री माशांच्या अळ्यांना ती तशीच दिली, तर रंग बिघडणे, दृष्टी मंद असणे आणि मोठ्या प्रमाणावर मरतुक हे दोष दिसतात. म्हणून आर्टेमिया आणि रोटिफर या सूक्ष्म प्राण्यांना आधी काही तास डीएचएयुक्त इमल्शन किंवा शैवाल खाऊ घालतात आणि मगच ते अळ्यांच्या टाकीत सोडतात. समुद्रात जे काम सूक्ष्म भक्षक करतात, ते इथे माणसाला हाताने करावे लागते.

मासे न खाणाऱ्यांना ईपीए आणि डीएचए कसे मिळेल? जवसाची चटणी पुरेशी आहे का?

जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते आणि ते स्वतः आवश्यक मेदाम्ल असल्याने जवस खाणे चांगलेच. परंतु माणसाच्या शरीरात त्यातला थोडासाच भाग ईपीएमध्ये आणि फारच थोडा, बहुधा १ टक्क्याहूनही कमी, डीएचएमध्ये बदलतो. तेव्हा जवस हा डीएचएचा थेट पर्याय ठरत नाही.

शाकाहारी पर्याय आहे, तो प्लवकांच्याच नातेवाइकांकडून. क्रिप्थेकोडिनियम हा प्रकाशाविना, साखरेवर वाढणारा डायनोफ्लॅजेलेट आणि शायझोकायट्रियम हा शैवालांचा दूरचा आप्त, हे दोघे मोठ्या टाक्यांत वाढवून त्यांचे डीएचएयुक्त तेल काढले जाते, आणि ते बाळांच्या दुधाच्या पावडरीत तसेच कॅप्सूलमध्ये वापरले जाते. नॅनोक्लोरॉप्सिससारख्या शैवालापासून ईपीए मिळवतात. खरेदी करताना वेष्टनावर नुसते ओमेगा-३ किती हे न पाहता ईपीए आणि डीएचए प्रत्येकी किती मिलिग्रॅम आहेत, ते वाचावे. गरोदरपणात किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.